पुनवेची बाटली

सरकारी औषधाची तारीख चंद्रावरून ठरवणारी व्यक्ती मुंबईच्या साऱ्या उपनगरांत एकच असावी, आणि ती म्हणजे मढची मासेवाली, माझी रांगेतली शेजारीण. एचआयव्हीची मोफत औषधे घ्यायला आम्ही एकाच सरकारी रुग्णालयात जातो. मी निवृत्त शिक्षक. कार्डावरची तारीख पाहून निघतो. ती भरती-ओहोटी पाहून निघते. डॉक्टरांपासून रखवालदारापर्यंत सर्वांना ती ‘तू’ म्हणते, आणि हळू बोलणे हाच एक आजार आहे अशी तिची समजूत आहे. एकदा समुपदेशक बाईंनी तिच्या गोळ्या मोजल्या.

“मावशी, ही एक गोळी उरली कशी? चुकवलीत ना?”

“चुकवीन कशाला गं? पुनवेला बाटली उघडली, पुनवेला आले. तुझंच गणित कच्चं!”

वाद चिघळला, तेव्हा मी कागदावर मांडून दाखवले: पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवस, बाटलीत गोळ्या तीस, दोन महिन्यांत एक उरणारच. निवृत्तीनंतर माझे अंकगणित कोणाच्या उपयोगी पडले, ते तेवढेच. त्या दिवसापासून तिने माझी बाटलीही परस्पर पौर्णिमेला बांधून टाकली.

पुढे एकदा रांगेत एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी विचारले, “सर, इथे कसे?” मी काहीतरी बोललो आणि औषध न घेताच घरी आलो. थकलोही होतो. पुन्हा जायचे नाही, असे ठरवले.

चौथ्या दिवशी दिंडोशीच्या आमच्या इमारतीत (पत्ता मी कधीतरी रांगेत सांगितला होता) तिची आरोळी घुमली, “मास्तर, ताजं बोंबील!” मी जन्माचा शाकाहारी. शेजाऱ्यांची दारे उघडली. टोपली उंबऱ्यावर ठेवून ती वाकली आणि, मी ऐकले ते प्रथमच, कुजबुजली, “पुनव होऊन गेली. बाटली दाव.”

मी रिकामी बाटली दाखवली.

“माझ्या नवऱ्याच्या वेळी ही इकत घ्यावी लागायची, मास्तर. होडी इकली, तरी पैका पुरला नाय. आता फुकट मिळते, तर तू लाजतोस? चल.”

मी बोंबील घेतले, चप्पल घातली आणि तिच्यामागून निघालो.

आता तीन महिन्यांची औषधे एकदम मिळतात. रांग आखूड झाली, पाय वाचले. ही सुधारणाच आहे, हे वर्गात सांगावे तसे मी स्वतःला समजावतो. मात्र तिची पौर्णिमा आणि माझी तारीख आता जुळत नाहीत. जिन्यात कधी मासेवालीची हाक आली, की मी बाटली घेऊन दाराशी जातो. बहुधा दुसरीच कोणी असते. तिच्याकडून मी बोंबील घेतो आणि खालच्या मांजरांना घालतो.