पाठमोरी खुर्ची

सुलभावहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले... खुर्चीत बसल्या बसल्या." मी काहीतरी बोललो असेन. फोन ठेवल्यावर मात्र एकच प्रश्न मनात उरला, आणि तो विचारण्यासारखा नव्हता. खुर्चीचं तोंड कुणीकडे होतं?

विश्वास आणि मी दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेतले. तो आर्किटेक्ट झाला, मी ग्रंथपाल. नव्वदनंतर त्याच्या बरोबरीचे लोक कंपन्यांची ऑफिसं बांधायला धावले. याने मात्र गुडगावच्या पलीकडे, अरवलीच्या उतारावर, स्वतःसाठी केबिन बांधायला घेतली. "केबिन? ऑफिसात नाही का मिळाली?" असं त्याची आई म्हणाली होती. कागदावर पहिली रेघ मारण्याआधी तो वेताची खुर्ची घेऊन त्या उतारावर दिवसभर बसायचा आणि सावली सरकेल तशी जमिनीवर चुन्याने खूण करायचा. मीही पुस्तक घेऊन सोबत बसलो आहे. तिथलाच दगड, निम्मं घर उतारात रुतलेलं, छपरावर माती आणि गवत. पाठीमागच्या पळसाच्या फांद्या तोडायला नकोत म्हणून छप्पर ठेंगणं. पूर्वेची भिंत भरीव, आणि पश्चिमेला भिंतच नाही, सगळी काच. समोर टेकडी, कीकरच्या बाभळी, मोर, मावळतीचं ऊन. "बाहेरून बघणाऱ्याला झाड आधी दिसावं," तो म्हणायचा, "घर शोधावं लागावं." पडद्यासाठी दांडी त्याने कुठे ठेवलीच नव्हती. तिथे बघणार कोण होतं?

मग टेकडीला पत्र्याचं कुंपण पडलं. टेकडी अशी हलवता येते हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं... तिच्या जागी काचेचं ऑफिस उभं राहिलं. संध्याकाळ होण्याआधीच तिथल्या ट्यूबलाइटी लागायच्या आणि टेबलांमागची माणसं इकडे बघायची. एकदा तिकडून कुणीतरी हातही हलवला. जनरेटरच्या धुरामुळे काच उघडणं बंद झालं. वहिनींनी सरोजिनी नगरच्या बाजारातून जाडं कापड आणून पडदे शिवले.

"हे घर नाही, शोकेस आहे. विकून टाकू या ना."

"पडदाच लावायचा तर भिंत नसती का बांधली?" विश्वास म्हणाला.

"मग बसा शोभेला!"

त्याने घर विकलं नाही, पडदाही लावू दिला नाही. एके संध्याकाळी उठून त्याने खुर्ची फिरवली, काचेकडे पाठ आणि भरीव भिंतीकडे तोंड. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा तो तसाच बसलेला असे. चहा भिंतीकडे बघत. गप्पाही. त्या खोलीत मला श्वास पुरत नसे, आणि मी लवकर निघत असे.

महिन्याभराने, परवा सकाळी, तिकडे गेलो. खुर्ची काचेकडे वळलेली होती. मी न विचारताच वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी त्यांनीच फिरवली. मी म्हटलं, आज काय नवीन? तर म्हणाले, समोर बघ."

त्या घरात सकाळी कुणी त्या बाजूला बसतच नसे, ती जागा संध्याकाळची. सकाळी समोर ट्यूबलाइटी नसतात, टेबलं दिसत नाहीत. ऑफिसच्या त्या सगळ्या उंच काचेत फक्त हा उतार उमटलेला असतो, आणि फाल्गुनात फुललेला पळस, ज्याला आत बसून बघायची सोय विश्वासने केलीच नव्हती.

"हसले हो," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, सुलभा, यात आपलं घर शोध. मी चहा टाकायला गेले..."

पडदे अजून घडी घालून ट्रंकेत आहेत. पळसाची फुलं आता गळून गेली आहेत, नवी पानं आली आहेत. खुर्चीत बसायचा धीर मला झाला नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. समोरच्या काचेत आधी झाड दिसलं. मग मी घर शोधू लागलो, आणि ते लवकर सापडू नये असं मला वाटत होतं.