साडेआठ वाजता हरवणारा सर्व्हर

पूर्ण बंद पडलेल्या कॉम्प्युटरचं मला फारसं कौतुक नाही. जळलेला भाग वास देतो, तो बदलला की काम संपतं. माझा जीव अडकतो तो अधूनमधून बिघडणाऱ्या यंत्रात. मी समोर बसलो की ते गुणी बाळासारखं चालणार, आणि मी परतीच्या वाटेला न्हावऱ्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच खिशातला फोन वाजणार. अशा वेळी मला आधी राग येतो आणि मग झोप लागत नाही. हे असं का होत असेल, एवढा एकच प्रश्न डोक्यात घोळत राहतो.

शिरूर ते दौंड या पट्ट्यातले लहान दवाखाने, वर्कशॉप, रोपवाटिका आणि कुरकुंभच्या दोन-तीन छोट्या कंपन्या यांचे सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. सर्व्हर म्हटलं की लोकांना काचेची गार खोली आठवते. माझे सर्व्हर माळ्यावर असतात, शिलाई मशीनच्या शेजारी असतात, एक तर कितीतरी दिवस सरकीच्या पोत्याला टेकून उभा होता. त्या पोत्यामुळे त्याला काही झालं नाही, हे मात्र खरं.

मांडवगण फराट्याच्या अलीकडे, गावाबाहेर, मळ्यांना लागून एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. दहा खाटा, औषधांचं दुकान आणि छोटी लॅब. तिथली यंत्रणा मीच बसवली होती. जिन्याखालच्या कपाटात सर्व्हर आणि त्याला जोडलेले चार कॉम्प्युटर: काउंटरवर, डॉक्टरांच्या खोलीत, औषधांच्या दुकानात आणि लॅबमध्ये. पेशंटची सगळी माहिती सर्व्हरवर. बाकीचे चौघे तिथूनच वाचणार आणि तिथंच लिहिणार. सर्व्हरशी संपर्क तुटला की चौघांनाही काही दिसत नाही.

काउंटरवर ज्या बसायच्या त्यांना सगळं गाव भाभी म्हणायचं. वय पंचेचाळिशीच्या पुढं, घराणं गावात कैक पिढ्यांचं. दवाखाना सुरू झाला त्या दिवसापासून त्या त्याच खुर्चीवर होत्या. पेशंट फाटकात दिसला की त्याचं नाव, वस्ती आणि मागच्या खेपेचं दुखणं त्यांना तोंडपाठ. कॉम्प्युटर आल्यावर त्या दोन बोटांनी टाइप करायला शिकल्या. हळू, पण बिनचूक.

यंत्रणा बसवून आठवडा झाला असेल, तोच डॉक्टरांचा फोन आला. काउंटरचा कॉम्प्युटर सकाळी मध्येच अडकतो, सर्व्हर सापडत नाही म्हणतो, भाभींनी भरलेला केसपेपर पुसला जातो आणि पेशंट खोळंबतात. मी अकरा वाजता पोचलो. सगळं सुरळीत. तरी केबल बदलली आणि आलो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तोच फोन. या वेळी काउंटरचा कॉम्प्युटर पुसून त्यावर सगळं नव्यानं टाकलं, तासभर समोर बसलो, काही घडलं नाही. बाकीच्या तीन कॉम्प्युटरची कसलीच तक्रार नव्हती. म्हणजे सर्व्हर ठीक, असा मी हिशेब केला आणि सर्व्हरचं कपाट उघडायची तसदीच घेतली नाही.

तिसऱ्या खेपेला मी वैतागलो होतो. ऊन होतं, गाडी पंक्चर झाली होती, आणि समोर पुन्हा तेच सोज्वळ मशीन. निघताना डॉक्टरांना म्हणालो, "मशीनमध्ये काही नाही हो. युजर मिस्टेक असणार."

आमच्या धंद्यात हे वाक्य फार सोयीचं आहे. कारण सापडलं नाही की ते समोरच्याच्या अंगावर टाकायचं आणि गाडीला किक मारायची. मी ते आजवर किती ठिकाणी वापरलं, मला आठवतही नाही.

डॉक्टर माणूस वाईट नाहीत, पण रांग वाढली की त्यांचा आवाजही वाढतो. माझं वाक्य त्यांनी उचललं. पुढं दर वेळी कॉम्प्युटर अडकला की पेशंटसमोरच "भाभी, पुन्हा केली ना मिस्टेक?" असं सुरू झालं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला कळलं ते एवढंच, की एक दिवस फोन आला: "एक तारखेपासून माझी पुतणी काउंटरला बसेल. कारेगावला कंपनीत एन्ट्रीचं काम करायची. तिचा पासवर्ड तयार करून द्या. भाभींना आत झाडलोटीला आणि भांडी-चादरींकडं देतो. वय झालं त्यांचं, नाही जमत."

मी पासवर्ड करायला गेलो. भाभी खुर्चीतून उठून बाजूला उभ्या राहिल्या. मी दोन मिनिटांत काम उरकलं, तेव्हा त्यांनी जुन्या कागदी रजिस्टरची मागची पानं उघडून माझ्यापुढं धरली.

"सर, जायाच्या आधी येवढं बघता का?"

पानावर बारीक, सरळ ओळी होत्या. तारीख, वेळ, आणि त्या वेळी कोणत्या पेशंटचा केसपेपर चालू होता ते. आठ तेहतीस. आठ छत्तीस. आठ एकतीस. सलग सहा दिवस अशा नोंदी, मग आठवडाभर एकही नाही, मग पुन्हा सहा दिवस. दोन महिने हा असाच क्रम. मी खाली बसलो. माझ्या कुठल्याही सॉफ्टवेअरनं मला इतकी स्वच्छ नोंद कधी दिली नव्हती. माणसाच्या चुकीला घड्याळ नसतं. इथं तर चूक वेळेवर हजर होत होती.

"भाभी, साडेआठला इथं नेमकं काय होतं?"

"काय व्हतंय? शाळंची गाडी जाती. आबा चहाला येत्यात." आबा म्हणजे डॉक्टरांचे वडील. "आन् मळ्यातल्या मोटारी चालू व्हत्यात."

"रोज?"

"रोज कशाला? दिवसाची लाइट असली तवाच. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची. ह्या आठवड्यात रातची हाय. म्हणून तर बघा, एक दिस बी अडकलं न्हाई."

मी कपाळावर हात मारून घेतला. विहिरीवरच्या मोटारींना लागणारी थ्री फेज लाइट आमच्याकडं ठरलेल्या तासांपुरतीच येते. ती आली म्हणून कोण विहिरीवर पळत जाणार? म्हणून प्रत्येकानं मोटारीला 'ऑटो' बसवलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. मग शिवारातल्या सगळ्याच मोटारी एकाच मिनिटात उठतात, आणि त्या दणक्यानं व्होल्टेज असं बसतं की घरातली ट्यूब डोळे मिचकावते. हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझ्या स्वतःच्या शेतातल्या मोटारीला ऑटो आहे.

आणि बाकीचे तिघे गप्प का होते, तेही उलगडलं. साडेआठला फक्त काउंटर उघडा असतो. लॅब आणि औषधांचं दुकान नऊनंतर, डॉक्टर दहाला. चौघेही आंधळे होत होते, पण बघायला भाभी एकट्याच असायच्या.

"हे आधी का नाही सांगितलं मला?"

"तुमी इचारलं कवा? तुमी आलं की मशीनशीच बोलत व्हता."

खरं होतं ते. तीन खेपांत मी त्यांना फक्त "जरा उठा" एवढंच म्हणालो होतो.

पण कोडं अर्धंच सुटलं होतं. सर्व्हरला यूपीएस होता, म्हणजे लाइट बसली की बॅटरीवर चालवणारा डबा. व्होल्टेज बसलं तरी त्याला कळायलाही नको. मग संपर्क तुटतो कुठं? डॉक्टरांना म्हणालो, एक तारखेला अजून वेळ आहे, मला सोमवारची सकाळ द्या. सोमवारपासून दिवसाची लाइट होती.

सोमवारी आठलाच पोचलो. जिन्याखालचं कपाट उघडलं, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. बाहेर भाभींचा आवाज येत होता, कुणाला तरी वय विचारत होत्या. आठ चौतीसला लांबून एक घरघर उठली, मग दुसरी, मग सगळं शिवारच घुमायला लागलं. डोक्यावरची ट्यूब मंदावली. सर्व्हर जागचा हलला नाही. पण त्याच्या शेजारच्या हबचे, म्हणजे सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात त्या छोट्या डब्याचे, हिरवे दिवे सगळेच्या सगळे विझले. मग एकेक करून परत लागले. त्याला मिनिटभर लागलं. बाहेर भाभी म्हणाल्या, "थांबा मामा, गेलं."

मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. दोन महिने पळणारं जनावर शेवटी दिसलं होतं. हबची वायर हातात धरून मागं मागं गेलो, तर ती यूपीएसमध्ये नव्हतीच. भिंतीवरच्या साध्या प्लगमध्ये होती. मग यूपीएसच्या चार जागांत काय आहे? सर्व्हर, त्याचा पडदा, इंटरनेटचा डबा, आणि चौथ्या जागेतून निघालेली एक बारीक लाल वायर, भिंतीला भोक पाडून पलीकडं गेलेली.

ती वायर बघितली आणि माझा आनंद तिथंच जिरला. भोक मीच पाडलं होतं.

यंत्रणा बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा आले होते. दवाखान्याला त्यांच्या बायकोचं नाव आहे. काउंटरच्या मागं तिचा हार घातलेला फोटो आणि फोटोपुढं विजेचा लहान दिवा. आबा म्हणाले, "पोरा, लाइट गेली की हिचा दिवा जातो. तुझ्या त्या डब्यावर हाय का जागा?" मला गहिवरून आलं. जागा नव्हती, म्हणून मी हबची वायर काढून भिंतीत लावली, तात्पुरती, आणि दिव्याला जागा दिली. आबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. त्या तात्पुरत्याला दोन महिने झाले होते.

कपाटात मी एकटाच होतो. वायर बदलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. हबचा अडॅप्टर खराब होता, बदलला, असं म्हणालो असतो तर विचारणारं कुणी नव्हतं. दिव्यासाठी पिशवीतला जुना छोटा यूपीएस लावला, हब मूळ जागी घातला, आणि त्या थापेची मनात तयारीही केली. बाहेर आलो तर भाभी वाटच बघत होत्या.

"घावलं का, सर?"

"घावलं."

"काय व्हतं?"

त्यांच्या पुढ्यात ते रजिस्टर उघडंच होतं. आठ चौतीसची नोंद ताजी होती. मला खोटं बोलवेना. "मी एक प्लग चुकीच्या जागी लावला होता," मी म्हणालो. "तुमची चूक एकदाही नव्हती."

त्यांनी मान हलवली. "मग तेवढं डॉक्टरांना बी सांगा. माझ्या म्होरं सांगा."

डॉक्टर दहाला आले. भाभी फायली घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि मी सगळं सांगितलं. दिवा, प्लग, मोटारी. युजर मिस्टेक हे मीच न तपासता म्हणालो होतो, तेही सांगितलं. आता हा माणूस मला दारातूनच कटवणार, असं मी धरून चाललो होतो.

डॉक्टर मोठ्यानं हसले. "आईच्या दिव्यापायी होय! अहो, होतं असं. माणूस म्हटलं की चुकणारच. एवढं काय मनाला लावून घेताय? बसा, चहा सांगतो." मग दाराकडं बघून म्हणाले, "भाभी, तुम्हीच बसा हो काउंटरला. पुतणीला सांगतो मी, नको म्हणून."

माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. मी खुर्ची ओढून बसलोसुद्धा. भाभींनी फायली टेबलावर ठेवल्या, त्यांच्या कडा सारख्या केल्या.

"बसते, डॉक्टर," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "पर इतकं दिस माझीच चूक धरली व्हती ना तुमी? तवा मला एकदा बी म्हणला न्हाई, होतं असं."

आणि बाहेर रांग होती, म्हणून त्या गेल्या. डॉक्टरांनी टेबलावरच्या फायली पुढं ओढल्या आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.