तुळजाबाईच्या घशात अडकलेलं नाव

तुळजाबाईइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. पाल चुकचुकली की हिचा हात छातीवर. टिटवी ओरडली की हिची भाकर तव्यावर करपलीच म्हणून समजा. मी तिला चिडवायचे, "अगं, तू सावलीलाबी भितीस." तर म्हणायची, "भिमा, माझ्या जागी असतीस तर कळलं असतं."

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्र्याहत्तरचा दुष्काळ. ईट गावाच्या पलीकडच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि तिचा नवरा महारुद्र तिथं बांधाच्या पायासाठी खणलेल्या खोल चरात खडक फोडणाऱ्या टोळीत होता. खडकात पहारीनं भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि जीव घेऊन पळायचं. मागच्याच महिन्यात दुसऱ्या एका कामावर एकजण पळायला चुकला. त्याला धोतरावरून ओळखलं म्हणे. तेव्हापासून महारुद्र कामावर निघाला की ही उंबऱ्यात उभी राहायची, आणि तो वळणाआड गेला तरी आत जायची नाही.

त्या भीतीला खतपाणी घालायला घरात सासू होती, कस्तुराबाई. तिचा नवरा ज्वारीच्या पेवात उतरला तो वर आलाच नाही. जमिनीखालचं ते धान्याचं कोठार. उघडल्यावर आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबायचं असतं, तो थांबला नाही. भर तारुण्यात बाई रांडावली. गावाला तेवढं पुरलं नाही. हिनं कधीतरी नवऱ्याचं नाव घेतलं असणार, म्हणूनच तो गेला, असं बायका तिच्या पाठीमागं बोलायच्या. म्हणून सून घरात आल्याबरोबर कस्तुराबाईनं तिला पहिला धडा हाच दिला, "लग्नात उखाण्यात घेतलंस तेवढं बास. बाईनं नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी व्हतंय." आमच्या बौद्ध वस्तीत असलं सगळं सोडून द्यायचं ठरलं होतं. तरी माझ्या आईनं माझ्या बापाचं नाव मरेपर्यंत घेतलं नाही, तेव्हा मी तुळजाबाईला कोणत्या तोंडानं हसू?

आम्ही दोघी एका वर्गात होतो. लग्नामुळं शाळा सुटलेल्या बायकांसाठी मॅट्रिकचा वर्ग सकाळी शाळेत भरायचा. तो सुटला की आम्ही त्याच माळावर दगड वाहायला जायचो. मॅट्रिक झालं की नर्सिंगला घेतात असं ऐकलं होतं, नाही झालं तर डोक्यावर टोपलं होतंच. आणि मॅट्रिकच्या वाटेत आडवं पडलं होतं इंग्रजी.

इंग्रजीला तात्याराव सर. माणूस गमत्या, पण शिकवणं पक्कं. अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह सुरू केलं त्या दिवशी म्हणाले, "कामावरची पाटी आठवा. 'मजुरांना कळविण्यात येते की उद्या पाण्याचा टँकर येणार नाही.' कोण कळवतंय? नाव हाय का त्याचं? न्हाय. मग शिव्या कुणाला देताल? हे झालं पॅसिव्ह."

आम्ही पोट धरून हसलो. तुळजाबाई मात्र हसली नाही, तिला हे फारच आवडलं. करणाऱ्याचं नाव गाळून बोलता येतं, आणि साहेबाच्या भाषेत ती चूक धरत नाहीत! आठवडाभर ती पॅसिव्हमध्येच बोलत होती. "आज भाकर न्हाय खाल्ली गेली," म्हणायची. म्हणजे महारुद्र उपाशी गेला.

पण सर कुठले सोडतात! लक्षात राहावं म्हणून ते कामावरच्याच माणसांची नावं वाक्यांत घालायचे. एका सकाळी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, महारुद्र दगड फोडतो, आणि बोट केलं नेमकं तुळजाबाईकडं. तो हिचा नवरा हे त्यांच्या ध्यानात नसावं. ती उभी राहिली. "स्टोन्स आर ब्रोकन बाय..." आणि थांबली.

"बाय कोण?"

तिच्या कपाळावर घाम आला. मग म्हणाली, "बाय हिम."

वर्ग फिदीफिदी हसला. सरही हसले. "हुशार हायस. पण हिम म्हंजी दुनियेतला कुठलाबी बाप्या. माणूस कोणता, ते कसं कळावं?"

ती खाली बसली. कामावर जाताना वाटेत मला म्हणाली, "भिमा, नापास झाले तरी चालंल. पण उगं मार्कांसाठी त्यांचं वरीस कमी करू व्हय?" मला तिचा राग आला, आणि त्याच दमात माझी आई आठवली. माळावरून सुरुंगाच्या बाराचा आवाज ऐकू येत होता.

तिथं मुकादम होता महांतप्पा. तोंडाचा फाटका, पण एक शिस्त त्यानं कधी मोडली नाही. वात लावण्याआधी टोळीतल्या एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची आणि प्रत्येकानं वरून 'हाय' म्हणायचं. एक जरी 'हाय' कमी पडला तरी काडी ओढायची नाही.

त्या दिवशी महांतप्पा तालुक्याला, भूमला गेला होता. त्याच्या जागी त्याच्या हाताखालचा मल्लिनाथ. त्यानं शिट्टी फुंकली, लाल फडकं हलवलं आणि ओरडला, "सगळे आले का?" वरून कुणीतरी म्हणालं, "आले, आले." झालं. मल्लिनाथ पेटती बिडी घेऊन चराच्या तोंडाशी वाकला.

मी तेव्हा लांब पाण्याच्या पिंपापाशी होते. तुळजाबाई चराच्या काठावर. माणसं दिसत होती, शब्द कळत नव्हते. ते तिनं मला नंतर सांगितलं. वर आलेल्या माणसांत तिनं नवरा शोधला. नव्हता. मग तिला दिसलं, चराच्या वळणाआड, खडकामागं त्याच्या पटक्याचं टोक हलत होतं. विसरलेली पहार आणायला तो परत उतरला होता.

"अवं!" ती ओरडली. "अवं, वर या!"

चार-पाच बाप्यांनी वळून पाहिलं आणि जो तो आपापली बायको शोधू लागला. महारुद्र काही वळला नाही. 'अवं' तर माळावर दिवसभर चालूच असायचं.

"कोण राहिलंय?" मल्लिनाथनं विचारलं. एका वातीनं पेट घेतला होता, ती आता विझणारी नव्हती.

"ते... आमच्यातले..."

"कोण ते? नाव सांग की बाई!"

तिनं नंतर सांगितलं, तोंड उघडत होतं आणि आवाज निघत नव्हता. नाव घेतलं तर आयुष्य जातंय, न घेतलं तर आत्ताच जातंय. वात चुरचुरत पुढं सरकत होती.

मग मला ऐकू आलं. पिंपापर्यंत आलं.

"महारुद्रऽऽ!"

लगेच सगळा माळ तेच नाव ओरडू लागला. "महारुद्रा, पळ! महारुद्रा!" खडकामागून पटका वर आला, हातातली पहार पडली, माणूस धावला. आणि बार उडाला.

धूळ उठली. मला काही दिसेना. मी धावत होते आणि मनात एवढंच होतं की धोतरावरून ओळखायची वेळ येऊ नये. देव सोडून दिलेल्या आमच्या घरातली मी, पण तेव्हा कुणाकुणाला हात जोडले ते मलाच ठाऊक. धूळ खाली बसायला लागली तसा चराच्या काठावर एक माणूस खोकताना दिसला. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा. महारुद्र होता. दंडाला खरचटलं होतं, बाकी साबूत.

तुळजाबाई मात्र जमिनीवरच बसली होती. "घेतलं गं," एवढंच म्हणत होती. "म्या चारचौघात घेतलं." नवरा समोर उभा, जिवंत, आणि ही त्याच्याकडं पाहायला तयार नाही. तो बिचारा तिला पाणी द्यायला आला तर ही मागं सरकली.

संध्याकाळी तिची एकटीनं घरी जायची छाती होईना, म्हणून मी बरोबर गेले. बातमी आमच्या आधी पोचली होती. कस्तुराबाई अंगणात रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी निवडत बसली होती. सुपातून नजर वर न काढता तिनं विचारलं, "नाव घेतलंस म्हणं?"

"व्हय, आत्याबाई." तुळजाबाईनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. "चुकले म्या. तुमी म्हणताल ती शिक्षा..."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता ही उठते आणि केस धरते.

"पेवापाशी चार बापे उभे व्हते," ती म्हणाली. "म्या हितूनच बघितलं, हे लगेच उतराय लागले. म्या वरडले, अवं थांबा, अवं थांबा. चौघांनीबी हिकडं बघितलं. त्यास्नी वाटलं, दुसऱ्याला हाक हाय. ह्यांनी तर मानबी वर केली न्हाय." तिचा आवाज फाटला. "लोक म्हंत्यात, हिनं नाव घेतलं म्हणून गेला. पोरी, म्या घेतलं न्हाय गं. घेतलंच न्हाय."

तुळजाबाईनं तिचे पाय धरले. म्हातारीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती अंगणाच्या कोपऱ्यात, बुजवून टाकलेल्या पेवाकडं बघत होती. ओठ हलले, पण पहिल्यांदा नुसती हवाच निघाली.

"गोरोबा," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, जसं पेवाच्या तोंडापर्यंत पोचावं तसं, "गोरोबाऽ! थांबा!"