बाटलीचा बर्फ, ग्लासातला बर्फ

आमच्या गावात दोलोच्या बर्फाला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय. आणि सगळा घोटाळा इथेच आहे.

तेओदुलो हे त्याचं पाळण्यातलं नाव. हाक मारायची ती ‘नोंग दोलो’, म्हणजे दोलोदादा. साठी उलटलेली, पाय काटकुळे, बोटं कायम गारठलेली. गावात लग्न असो, बारसं असो, कुणाच्या पोरीचा अठरावा वाढदिवस असो, कार्य व्हायचं ते बंदरामागच्या पत्र्याच्या छपराखाली, बास्केटबॉलच्या मैदानात. पंचायतीकडून दिवसाच्या भाड्यानं मिळायचं. तिथं विजेचा एकच प्लग. त्यावर फ्रिज लावायचा की गाण्याचं यंत्र? आमची माणसं उपाशी राहतील, पण गाण्याशिवाय? छे! मग दोनशे माणसांची बिअर एप्रिलच्या उकाड्यात गार कुणी ठेवायची? दोलोनं.

त्याच्याकडे एक बिघडलेला फ्रिज होता. मोटर कधीच भंगारात गेलेली. तो विटांवर उताणा निजवायचा, दार वर. बाटल्या आदल्या दिवशी विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, म्हणजे बर्फावर निम्माच भार. पहाटे मासळीच्या कारखान्यातून लाद्या आणायच्या, करवतीनं कापायच्या, बाटल्यांच्या थरांत घालून वर खडेमीठ पसरायचं, मग गोणपाट, मग भाताचं तूस. वितळलेलं पाणी लोक ओतून देतात. दोलो देत नसे. “अरे येड्यांनो, बाटलीला गार करतं ते पाणीच!” म्हणून ओरडायचा. दुसऱ्याला दहा लाद्या लागत तिथं त्याला चार पुरत. गरिबाचं कार्य त्याच्यामुळं निभावून जायचं, हे खोटं नाही.

पण त्याचा एक नियम होता. कारखान्यातली लादी मासळीसाठी, बाटलीला बाहेरून लावण्यापुरती. तोंडात घालायचा बर्फ वेगळा. तो घरोघरच्या फ्रिजमध्ये, उकळलेल्या पाण्याच्या पिशव्यांत गोठवलेला, आणि ठेवायचा फक्त निळ्या जगमध्ये. कुणी लादीचा तुकडा उचलला की दोलो त्याच्या हातावर सपकन चापट मारायचा, मग तो सरपंच का असेना. स्वयंपाकाला येणाऱ्या कोन्सिंगनं तर किती चापट्या खाल्ल्या असतील! बावीस वर्षं दोघांनी कार्यं एकत्र केली. तिची किनिलाव म्हणजे व्हिनेगरात मुरवलेली कच्ची मासळी, आलं, मिरची. लोक बोटं चाटत. आणि तिचा नवरा एर्मो हा दोलोचा जिवलग, ‘पारे’, म्हणजे दोस्ता, म्हणायचे एकमेकांना.

एर्मो कार्यात दुसरं काही करायचा नाही. गोलात बसायचा आणि रम वाढायचा. आमच्याकडे ग्लास एकच असतो. वाढणारा भरतो, एकजण रिकामा करतो, परत वाढणाऱ्याकडे. बर्फाचा जगही वाढणाऱ्याच्या मांडीशी. आणि एर्मोला बर्फ कडकड चावायची खोड. “दात चार उरलेत, तेही जातील,” कोन्सिंग म्हणायची. “जाऊ देत की! तुझ्या मासळीला दात कुठं लागतात?” तो म्हणायचा.

मग दोलोच्या रोसेलचं लग्न ठरलं. आई नसलेली एकुलती एक पोर. नवऱ्याकडची माणसं शहरातली, इस्त्रीच्या शर्टांतली. दोलोनं महिनाभर आधीपासून तूस वाळवलं. आणि नेमकी लग्नाच्या दोन दिवस आधी वीज गेली. लाइनीचं काम, म्हणे. कुणाच्याही फ्रिजमध्ये बर्फ धरला नाही. दोलो घरोघर फिरला. दोन पिशव्या मिळाल्या, त्याही अर्धवट.

बाटल्या गार होत्या, लाद्या भरपूर होत्या. पण निळा जग जेवणं अर्ध्यावर येईतो रिकामा झाला. नवऱ्याचा मामा ग्लास टेबलावर आपटायला लागला, टक टक टक. मोठ्यानं म्हणाला, “बर्फवाल्याच्या घरचं लग्न ना हे?” सगळे हसले.

रोसेल पांढरा झगा सावरत बापाकडे पळत आली. “ताताय, काहीतरी करा ना. ते हसतायत.”

“बाटलीच घ्या म्हणावं, गार आहे.”

“बाटली नाही मागत ते! एवढे बर्फाचे डोंगर पडलेत आणि तुम्ही... आयुष्यभर मला ऐकवतील हो, ताताय!”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दोलो व्यासपीठाच्या मागं गेला, लादीचा मधला, काचेसारखा स्वच्छ भाग निवडला, फोडला. तीन वेळा पिण्याच्या पाण्यानं खळखळून धुतला. जणू घाण वरवरच असते, आत पाण्यातच गोठलेली नसते! माहीत नव्हतं का त्याला? होतं. सगळ्या गावाला त्यानंच शिकवलं होतं. तरी त्यानं तो निळ्या जगमध्ये भरला, आणि बाहेर आल्याबरोबर एर्मोनं जग हातातून घेतला. “वा पारे! मानलं तुला. कुठून पैदा केलास?” आणि पहिला खडा तोंडात टाकला, कडकड.

तिसऱ्या दिवशी अकराजण दवाखान्यात होते. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. दहा वाचले. एर्मो वाचला नाही.

आरोग्य खात्याची बाई वही घेऊन आली. कुणी काय खाल्लं? सगळ्यांनी एकच सांगितलं: कोन्सिंगची कच्ची मासळी. बाईनं विचारलं, “आणि बर्फ?” तेव्हा दोलो तिथंच उभा होता. त्याचं तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण त्याच्याआधी दहा माणसं बोलली. “दोलोचा बर्फ? अहो बाई, तो उकळलेल्या पाण्याचा! निळ्या जगमधला!” बाईनं मान डोलावली. दोलोनं तोंड मिटलं. लाद्या केव्हाच वितळून गटारात गेल्या होत्या.

त्या दिवशी तो गप्प राहिला, आणि त्याची मला अजून चीड येते. एक वाक्य, गड्या, एक वाक्य!

नवव्या दिवशी एर्मोसाठी प्रार्थना होती. उन्हं कलताना दोलो त्यांच्या घरी गेला. बायकांनी जेवण आपापल्या घरून डब्यांतून आणलेलं. कोन्सिंगच्या चुलीवरच्या अन्नाला कुणी शिवत नव्हतं. तिनं रांधलेला भात झाकलेला तसाच होता. ती मागच्या दारी बसली होती, शेजारी किनिलावची काठवट, दोन तुकडे करून सरपणात टाकलेली.

“कोन्सिंग, तुझ्या मासळीनं नाही गेला तो.”

“नका हो, नोंग.”

“ऐक. माझ्या बर्फानं गेला. लादीचा होता. मी भरला जगमध्ये, या हातांनी.”

मग नऊ दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल पडला. “किती चांगले हो तुम्ही,” ती म्हणाली.

“अगं चांगला कसला! मी मारलं त्याला!”

“बावीस वर्षं माझ्या हातावर चापट्या मारल्यात त्या लादीपायी. आणि स्वतःच्या पोरीच्या लग्नात तुम्ही ते कराल? वैरीसुद्धा म्हणणार नाही.” तिनं डोळे पुसले आणि आत हाक दिली, “ऐकलंत का गं? नोंग दोलो माझं पाप आपल्या डोक्यावर घेतायत.”

दोलो आत गेला आणि ओरडला. सगळ्यांसमोर, एर्मोच्या फोटोसमोर, शपथा घेऊन ओरडला. रोसेलला विचारा, म्हणाला. रोसेल तिथंच होती. तिनं मान खाली घातली आणि वर केली नाही. बायका एकमेकींकडे बघून हळहळल्या. एकीनं त्याला खुर्ची दिली. “दुःखानं बोलतोय बिचारा. सख्खा मित्र होता ना.”

तेवढ्यात कोन्सिंग निळा जग घेऊन आली, शेजाऱ्यांकडच्या बर्फानं भरलेला. फोटोपुढं रमचा ग्लास ठेवला होता.

“तुमच्या हातानं घाला, नोंग,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाच्या हातचा त्याला चालायचा नाही.”

सगळे बघत होते. दोलोनं एक खडा उचलला आणि ग्लासात सोडला.

कोन्सिंगनं त्यानंतर कुणाच्या कार्यात चूल पेटवली नाही. तिला बोलावतंय कोण? दोलोला मात्र अजून बोलावणी येतात. तो जात नाही, तर लोक म्हणतात, मित्राच्या आठवणीनं खचलाय. आणि त्याचा मान आणखीच वाढतो.