आत्यांच्या कानावर घातलेले प्रश्न

कऱ्हाडच्या एका इंग्रजी संभाषणाच्या क्लासने माझी मुलाखत फोनवर घेतली. नमुन्यादाखल एक धडा शिकवून दाखवायचा होता, प्रश्न नम्रपणे कसा विचारावा याचा. कडेगावच्या घरी, खोलीचं दार लोटून, मी समोर नसलेल्या मुलांना समजावत होते की 'गिव्ह मी' म्हणू नये, 'कुड आय हॅव' म्हणावं, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. धडा आवडला. क्लासच्या बाईंनी मऊ आवाजात विचारलं, सोमवारपासून यायला जमू शकेल का? संध्याकाळपर्यंत कळवलं तर चालेल का, असं मीही तितक्याच गोडीनं विचारलं. लगेच हो म्हणणं माझ्या हातात नव्हतं.

कारण आमच्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही. आमचा नम्रपणा इंग्रजांच्या वरताण. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, काही विचारायचं तर आधी सासूबाईंच्या, आत्यांच्या, कानावर घालायचं. मग त्या योग्य वेळ बघून विचारणार. ती वेळ काही येत नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझे निम्मे प्रश्न अजून आत्यांपाशीच पडून आहेत.

नवरा फौजेत. त्याला फोन केला तर म्हणाला, "आबास्नी इचार. ते म्हणतील तसं."

शेवटी मी ओसरीवर गेले आणि मामांना थेट विचारलं, सोमवारपासून कऱ्हाडला नोकरीला जाऊ का? मामांनी पेपरचं पान उलटलं आणि तिथेच बसलेल्या आत्यांकडे बघून ते म्हणाले, "तिला सांग, पोराला इचारून सांगतो."

पोरगा म्हणतो बापाला विचार, बाप म्हणतो पोराला विचारतो. कोंडवाड्यातल्या म्हशीला निदान दार कुठल्या बाजूला आहे ते तरी दिसतं. रडू नाही आलं, रागच आला. आत जाऊन बाईंना फोन लावला आणि येते म्हणून सांगून टाकलं. परत ओसरीवर आले. मामांच्या पुढ्यातच उभी राहिले, पण रीतीप्रमाणे आत्यांकडे बघून म्हणाले, "आत्या, मामांस्नी सांगा, सोमवारपासनं मी कामाला जाणार हाय."

पेपर खाली आला नाही. मग आत्या उठल्या, स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या आणि मामांकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "डबा किती वाजता लागंल?"