टाकीवरचा पाट

मध्यभारत मध्य प्रदेशात विलीन झाला, राजधानी भोपाळला गेली आणि वडिलांचं ऑफिसही ग्वाल्हेरहून तिकडे निघालं. तिथल्या कंपू भागातल्या घरी सामान बांधताना वडिलांनी मला बजावलं, "मासा भोपाळला येणार नाही." माझा तो एकुलता एक लाल मासा काचेच्या टाकीत फार उड्या मारायचा, म्हणून मी टाकी कायम एका पाटानं झाकून ठेवत असे.

निघण्याआधी वडिलांनी ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलावलं. पंगतीत एक पाट कमी पडला. आमच्याकडेच राहणाऱ्या आत्यानं मला न विचारता टाकीवरचा उचलला आणि पाहुण्याला बसायला दिला. त्याची पुरणपोळी संपेपर्यंत माझा मासा फरशीवर मरून पडला होता.

आत्या म्हणाली, "रडू नकोस. घरावरची बला त्यानं अंगावर घेतली."

"बला-बिला काही नाही. तू पाट काढलास म्हणून तो मेला," मी भर पंगतीत म्हणाले.

वडिलांनी डोळे वटारले आणि मासा बाहेर फेकून यायला सांगितलं. मी फेकला नाही. आत्याच्या तुळशीच्या कुंडीत माती उकरून पुरला.

ती कुंडी आत्यानं सामानात जाऊ दिली नाही. आगगाडीत मांडीवर धरून भोपाळला आणली आणि पुढे रोज आंघोळ झाली की तिला पाणी घालून हात जोडायची. मी शेजारी उभी राहून बघायचे. मासा भोपाळला आला होता, आणि रोज नमस्कार घेत होता.