डाव्या बाजूची खुर्ची

डोळ्यात थेंब टाकला की सुनंदा नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटानं दाबून उभी राहायची. दोन मिनिटं. कुणी हाक मारली तरी ओ नाही. माझी ही भावजय निमगाव सावाची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिला तशी पाहिली आणि मनात म्हटलं, लई भाव खाते ही. बोट काढून ती हसली. "वन्सं, काचबिंदू हाय मला. डोळ्यातलं प्रेशर वाढतं. असं दाबलं की औषध डोळ्यातच ऱ्हातं, अंगात उतरत न्हाई."

तिला दिवस गेले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, थेंब बंद कर, पोराला बाधंल. ही एकटी एसटीनं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी एक औषध थांबवलं, एक चालू ठेवलं. सातव्या महिन्यात मी सोबत होते. प्रेशर चांगलंच उतरलं होतं. "पोटातलं लेकरू आत्ताच आईची सेवा करतंय!" सुनंदा म्हणाली. डॉक्टर हसले. "गरोदरपणात बऱ्याच जणींचं उतरतं, सगळ्यांचं नाही. बाळंतपणानंतर मात्र परत चढतं. तिसऱ्या आठवड्यात दाखवायचंच."

तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण मी केलं. मुलगी झाली. तिसऱ्या आठवड्यात तिनं दवाखान्याचं नाव काढलं. आमच्यात सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. मी म्हटलं, "फोन केला व्हता मी. नंतर आणलं तरी चालंल म्हणाले." तिनं मान डोलावली. मी फोन केलाच नव्हता.

मग देवदर्शन, पाहुणे. दोन महिने गेले. दवाखान्यात नेलं तेव्हा प्रेशर भलतंच चढलं होतं. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली, ती परत येणार नव्हती. सुनंदा एवढंच म्हणाली, "समोरचं लख्ख दिसतंय. डावीकडून येणाऱ्यानं हाक मारावी."

ती घरात बसली नाही, याचा मला फार अभिमान आहे. बेल्ह्याच्या बाजारादिवशी ती आरोग्य केंद्रात गरोदर बायकांपाशी बसते. पहिला प्रश्न ठरलेला, "डोळ्यात थेंब घालतीस का गं?" कुणी म्हणालं, आता बरं वाटतंय, की ही म्हणते, "उतरल्यालं कळत न्हाई, चढल्यालंबी कळत न्हाई. मशिनीवरच कळतं, बाई." एकदा बारा दिवसांच्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला ही जीप घेऊन दारात गेली. सासू आडवी आली. "आजी, तुमीबी बसा," ही म्हणाली, "दोघींच्याबी कानाला फडकं बांधते." आजी बसल्या.

यंदा, पंधरा वर्षांनी, मी तिला सांगून टाकलं. "सुनंदा, तवा मी फोन केला नव्हता." तिनं नुकताच थेंब टाकला होता. बोट कोपऱ्यावर. ती दोन मिनिटं मला त्या पंधरा वर्षांएवढी गेली.

बोट काढून तिनं पदरानं गाल पुसला. "वाईट तर वाटलं, वन्सं. पण हे त्या सासवांना सांगा. माझं ऐकून सोडून देत्यात. तुमचं ऐकतील."

पुढच्या बाजाराला तिनं माझी खुर्ची स्वतःच्या डाव्या हाताला ओढली.

"बसा. हिकडचं तुमी बघायचं."